चॅनेल विकलं, म्हणजे नेमकं काय विकलं?

स्थानिक आणि मराठी वाहिन्यांच्या बदलत्या मालकीबद्दल आलेल्या पत्रांपैकी आठ पत्रांची उत्तरं इथे दिली आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली असून पत्रलेखकांची आणि तक्रारीतल्या चॅनेलांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या गावाच्या बातम्या देणारं केबलवरचं चॅनेल कित्येक वर्षं एकाच नंबरवर लागत होतं. दोन महिन्यांपूर्वी ते गायब झालं. केबलवाला म्हणतो, ‘मालक बदलला.’ चॅनेलवाले म्हणतात, ‘आम्ही होतो तिथेच आहोत.’ खरं कोण बोलतंय?
— एक प्रेक्षक, बार्शी

बहुधा दोघेही. स्थानिक चॅनेलला एक मालक नसतो, तीन असतात. सरकारदरबारी नोंदणी एकाच्या नावावर असते, घराघरांत जाणारी वायर आणि सेट-टॉप बॉक्स दुसऱ्याचे असतात, आणि चॅनेलचं नाव, लोगो, कॅमेरे, माणसं तिसऱ्याची. तुमच्याकडे बदलला तो वायरीचा मालक असावा. बातम्या देणारे आहेत तिथेच असतील.

पूर्वी हे तिघं बऱ्याचदा एकच होते. केबलवाल्याची कंट्रोल रूम बाजारपेठेतल्या एखाद्या माडीवर असायची. तिथल्या मॉड्युलेटरला, म्हणजे चित्र केबलच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या यंत्राला व्हीसीआर, नंतर डीव्हीडी प्लेअर किंवा कम्प्युटर जोडला, एक मोकळी फ्रिक्वेन्सी धरली आणि बाकीच्या वाहिन्यांत मिसळून दिली की चॅनेल सुरू. मुंबईत २०१२ साली, पुणे-नागपूर-नाशिकसारख्या शहरांत २०१३ साली आणि उरलेल्या गावांत २०१५ ते २०१७ या काळात केबल डिजिटल झाली, तशी ही सोय संपली. आता सिग्नल एमएसओच्या, म्हणजे मोठ्या केबल कंपनीच्या हेडएंडवरून (सगळ्या वाहिन्या एकत्र करून पुढे पाठवणाऱ्या केंद्रातून) कुलूपबंद होऊन येतो. गल्लीतल्या केबलचालकाला त्यात मध्येच काही घुसवता येत नाही. स्थानिक चॅनेलला आपलं चित्र हेडएंडपर्यंत पोहोचवावं लागतं. तिथे ते बाकीच्या वाहिन्यांबरोबर एका कॅरिअरवर, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर बसतं. नेहमीच्या कॅरिअरवर सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिटची जागा असते, म्हणजे २ मेगाबिटच्या साधारण १८ वाहिन्या. जागा मोजकी असल्यामुळे एमएसओ बदलला, विकला गेला किंवा त्याने हेडएंड एकत्र केले की पहिली कुऱ्हाड स्थानिक चॅनेलवर पडते.

दुसरं कारण नियमातलं. माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ३० नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्थानिक चॅनेल ही ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’, म्हणजे एमएसओने फक्त आपल्या नेटवर्कवर दाखवलेली वाहिनी असते. एमएसओच्या एकूण क्षमतेच्या ५ टक्क्यांपर्यंतच अशी चॅनेलं चालवता येतात. हिशेब राज्यवार होतो आणि जिल्ह्यासाठी २ जास्तीची चॅनेलं मिळतात. ४०० वाहिन्यांची क्षमता असेल तर २० अधिक जिल्ह्याची २. भजनाचं, जुन्या चित्रपटांचं, स्वतःच्या जाहिरातींचं अशी चॅनेलं एमएसओ याच कोट्यात भरतो. मग गावाच्या बातम्यांना जागा उरत नाही.

तिसरं कारण लोकांना सहसा कुणी सांगत नाही. प्लॅटफॉर्म सर्व्हिसचा मजकूर एकाच केबल नेटवर्कवर दाखवता येतो. मंदिर, गुरुद्वारा यांसारख्या धार्मिक स्थळांवरचं थेट प्रक्षेपण तेवढं अपवाद. गावात दोन नेटवर्क असतील तर एकच बातमीपत्र दोन्हीकडे देणं नियमात बसत नाही. तुमचं चॅनेल शेजारच्या आळीत अजून दिसत असेल तर कारण हेच.

आधी मात्र साधी गोष्ट करून पाहा. नुसता क्रमांक बदलला असेल तर बॉक्सच्या मेनूत जाऊन ‘ऑटो सर्च’ किंवा ‘फॅक्टरी रीसेट’ करा. मग गाइडमध्ये ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस’ हा गट उघडा. अशी चॅनेलं एकत्र, त्याच नावाखाली असावी लागतात. तिथेही नसेल तर ते खरंच गेलं.

प्रश्न : तालुक्याच्या गावातलं एक चालू स्थानिक चॅनेल विकत मिळतंय. मालक म्हणतो, ‘सगळं सेटअप तयार आहे, फक्त पैसे द्या आणि सुरू करा.’ काय तपासावं?
— एक व्यावसायिक, अकलूज

‘सगळं सेटअप’ या शब्दांतच मेख आहे. वर सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी यातल्या किती तुमच्या हाती येतात, ते पाहा.

नोंदणीपासून सुरुवात करा. प्लॅटफॉर्म सर्व्हिसची नोंदणी एमएसओच्या नावाने होते, शुल्क चॅनेलमागे १,००० रुपये. चॅनेल चालवणारा ती विकू शकत नाही, कारण ती त्याची नसतेच. म्हणून विक्रेत्याशी करार करण्याआधी एमएसओला भेटा. चॅनेलची नोंदणी झाली आहे का आणि तुमच्याशी नवा करार करायची त्यांची तयारी आहे का, हे लेखी घ्या. बातम्या आणि चालू घडामोडी द्यायच्या असतील तर एमएसओ स्वतः नोंदणीकृत कंपनी असला पाहिजे. प्रोप्रायटरी किंवा भागीदारी फर्म चालत नाही. छोट्या शहरांतली जुनी नेटवर्कं इथेच अडकतात. ‘आमच्याकडे पोस्टाचं रजिस्ट्रेशन आहे’ असं कुणी सांगितलं तर ते केबलचालकाचं असतं, चॅनेलचं नव्हे. शिवाय जानेवारी २०२५ पासून केबलचालकाची नोंदणीही पोस्टातून उठून मंत्रालयाच्या ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर गेली आहे. तिची मुदत ५ वर्षं आणि शुल्क ५,००० रुपये.

एमएसओबरोबरच्या करारात चार गोष्टी शब्दांत हव्यात : महिन्याचं भाडं किंवा जाहिरातीतला वाटा, चॅनेलचा क्रमांक कोण आणि किती दिवसांच्या सूचनेने बदलू शकतो, एमएसओ विकला गेला तर नवा मालक करार पाळेल का, आणि मजकुराबद्दल तक्रार आली तर जबाबदारी कुणाची. तोंडी करारावर वर्षानुवर्षं चाललेली चॅनेलं हेडएंडची मालकी बदलल्यावर एका फोनवर बंद होतात.

नाव वेगळं तपासा. ट्रेडमार्क वर्ग ३८ (प्रसारण) आणि ४१ (मनोरंजन) मध्ये नोंदलेला आहे का, कुणाच्या नावावर आहे, ते ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतं. नोंद नसेल तर विक्रेता उद्या त्याच नावाने शेजारच्या नेटवर्कवर दुकान थाटू शकतो. त्याला करारात बांधून घ्या.

स्थानिक चॅनेलचा अर्धा जीव आता यूट्यूबवर असतो, म्हणून ही बाब स्वतंत्रपणे पक्की करा. नुसता पासवर्ड घेऊ नका. चॅनेल ब्रँड अकाउंटवर आहे का ते पाहा. तुम्हाला ‘ओनर’ म्हणून जोडायला सांगा. ओनर झाल्यावर ७ दिवस थांबावं लागतं, त्यानंतर ‘प्रायमरी ओनर’ होता येतं. शेवटचा हप्ता ते झाल्यावरच द्या. जाहिरातीचे पैसे ज्या अॅडसेन्स खात्यात जातात ते व्यक्तीच्या नावाचं असतं आणि हस्तांतरित होत नाही. तुमचं स्वतःचं जोडा. चॅनेलवर कॉपीराइटचे स्ट्राइक आहेत का, हेही त्याच वेळी उघडून पाहा. बाळंतविड्यासारखी सगळी यादी आधी करा, नंतर कुणी फोन उचलत नाही.

यंत्रसामग्रीत नजर प्लेआउटचा (कार्यक्रम ओळीने चालवणारा) कम्प्युटर, चित्र दाबून लहान करणारा एन्कोडर आणि हेडएंडपर्यंतच्या लाइनवर हवी. कॅमेरे दुय्यम. एसडी चॅनेलसाठी ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, एच.२६४ या प्रकारात ३ ते ४ मेगाबिटने पाठवा. हेडएंडला पुन्हा एन्कोड करताना तो निम्म्यावर येतो, म्हणून सुरुवातीला कंजुषी नको. लाइन दोन वेगळ्या कंपन्यांच्या घ्या. एकाच कंपनीच्या दोन लाइन बऱ्याचदा एकाच खांबावरून जातात आणि जेसीबी दोन्ही एकदम तोडतो. इंटरनेटवरून चित्र पाठवण्याची यूडीपी ही साधी पद्धत वापरली तर पॅकेट गळतात आणि चित्रावर चौकटी पडतात. गळालेली पॅकेट पुन्हा मागवणारी एसआरटी पद्धत वापरा आणि तिचा विलंब, पिंग (सिग्नलला जाऊन परत यायला लागणारा वेळ) जेवढ्या मिलिसेकंदांचं येतं त्याच्या चौपट ठेवा. हलत्या माणसाच्या कडांना कंगव्यासारखे दात दिसले तर इंटरलेसच्या (एक फ्रेम दोन भागांत पाठवण्याच्या) सेटिंगमध्ये गडबड आहे. मोबाइलवर घेतलेली बातमी धक्के देत चालत असेल तर ती ३० फ्रेमची आहे आणि तुम्ही २५ वर चालवताय. मोबाइलमध्येच २५ लावा. चेहरे फुगलेले दिसले तर ४:३ चं चित्र १६:९ मध्ये ताणलं जातंय, लांबट दिसले तर उलट. हे हेडएंडवाल्याला फोन करून सुटत नाही. स्वतःच्या एन्कोडरमध्ये पाहा.

रेकॉर्डिंग ९० दिवस जपून ठेवणं बंधनकारक आहे. कायद्याने ते काम एमएसओचं, पण करारात ते चॅनेलच्या गळ्यात बांधलेलं असतं. हिशेब सोपा : २ मेगाबिटला दिवसाला सुमारे २१.६ जीबी, ९० दिवसांचे १,९४४ जीबी. म्हणजे २ टीबीची डिस्क पहिल्याच तिमाहीत काठोकाठ भरते. ४ टीबीच्या दोन घ्या, एकीची प्रत दुसरीवर. नोटीस येते ती नेमकी डिस्क उडालेल्या आठवड्याची, असा या धंद्यातला अनुभव सार्वत्रिक आहे.

उत्पन्नाच्या वह्या पाहताना वर्षभराची बेरीज पाहू नका, महिनावार पाहा. वाढदिवसाच्या शुभेच्छा, श्रद्धांजली, क्लासेसच्या दहावी-बारावीच्या निकालानंतरच्या जाहिराती, गणेश विसर्जनाचं थेट प्रक्षेपण, सराफ आणि साड्यांची दुकानं यांवर गाडा चालतो. निवडणुकीचं वर्ष दाखवून किंमत फुगवलेली असते. त्या वर्षातल्या राजकीय जाहिराती वजा करून पाहा. आणि अशा जाहिराती तुम्ही घ्याल तेव्हा लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीच्या काळात निवडणूक यंत्रणेच्या माध्यम प्रमाणन समितीचं प्रमाणपत्र असल्याशिवाय लावू नका. उमेदवाराने किंवा नोंदणीकृत पक्षाने प्रसारणाच्या किमान ३ दिवस आधी, इतरांनी ७ दिवस आधी अर्ज करायचा असतो. सोबत जाहिरातीच्या दोन प्रती आणि साक्षांकित संहिता.

रात्री नऊला नवा सिनेमा लावण्याची जुनी सवय विक्रेत्याच्या वेळापत्रकात असेल तर ती त्याच्याकडेच राहू द्या. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये ६ महिने ते ३ वर्षं कैद आहे. लग्नाच्या व्हिडिओतलं चित्रपटगीतसुद्धा परवान्याशिवाय नको.

‘पुढे सॅटेलाइटवर नेऊ’ असं आमिष कुणी दाखवलं तर एवढंच लक्षात ठेवा : उपग्रह बातम्यांच्या पहिल्या वाहिनीसाठी कंपनीची नेटवर्थ, म्हणजे देणी वजा जाता मालमत्ता, २० कोटी रुपये लागते.

प्रश्न : मी एका मराठी वृत्तवाहिनीत चार वर्षं व्हिडिओ एडिटर आहे. वाहिनी दुसऱ्या कंपनीकडे गेली. एचआर म्हणतंय, ‘जुन्या कंपनीचा राजीनामा द्या, नवीन पत्र घ्या, बाकी सगळं तसंच.’ सही करू का?
— मुंबई

आधी एक प्रश्न विचारा : कंपनीचे शेअर विकले गेले, की व्यवसाय विकला गेला? शेअर विकले असतील तर तुमची मालक कंपनी तीच आहे. फक्त तिचे भागधारक बदलले. मग राजीनाम्याची गरजच नाही आणि तो मागणाऱ्याचा हेतू तपासावा.

व्यवसाय दुसऱ्या कंपनीला विकला असेल तर पत्र बदलावं लागेल, पण ते बदलीचं पत्र हवं. ‘सेवा अखंड समजली जाईल, आधीच्या सेवेची तारीख ही राहील, अटी पूर्वीपेक्षा कमी नसतील’ ही तीन वाक्यं त्यात पाहिजेत. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात हेच होतं, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तेच आहे. ही वाक्यं नसतील तर एका वर्षाहून अधिक सेवा असलेल्या कामगाराला, कपात झाल्याप्रमाणे नोटीस आणि दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार मिळायला हवा.

‘बाकी सगळं तसंच’ यातली गोम ग्रॅच्युइटीत आहे. कायम नोकरीत सर्वसाधारणपणे ती ५ वर्षांनी लागू होते. तुमची चार झाली. आज राजीनामा दिला आणि नव्या कंपनीत शून्यापासून सुरुवात झाली तर चारही वर्षं पाण्यात जाऊ शकतात. अखंड सेवा धरली तर पुढच्या वर्षी हक्क पक्का. सूत्र असं : शेवटचा मासिक पगार गुणिले १५ भागिले २६ गुणिले सेवेची वर्षं. पगार ३०,००० धरला तर पाच वर्षांचे साधारण ८६,५०० रुपये होतात. त्यासाठी एका ओळीचा आग्रह धरायला हरकत नाही.

पीएफचं यूएएन, म्हणजे कायमचा खाते क्रमांक, तेच राहतं, त्यामुळे ऑनलाइन वर्ग होतो. फक्त जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकली आहे का आणि शेवटच्या महिन्यांचा भरणा प्रत्यक्ष झाला आहे का, हे पासबुकात पाहा. विकायला निघालेल्या वाहिन्या बऱ्याचदा आधी पीएफ थकवतात. जुना भरणा बाकी असेल तर तो वसूल करण्यासाठी जुना आणि नवा असे दोन्ही मालक बांधील असतात.

एक अडचण आहे. ‘कामगार’ या व्याख्येत व्यवस्थापकीय पदं येत नाहीत, आणि १८,००० रुपयांवर पगार घेणारे देखरेखीचे लोकही येत नाहीत. वाहिन्यांमध्ये दोन माणसांच्या डेस्कलाही ‘हेड’ म्हणायची पद्धत आहे. पत्रावर पद काही लिहिलेलं असो, प्रत्यक्ष काम टाइमलाइनवर कापाकापीचं असेल तर ते दाखवणारे ईमेल आणि ड्युटी चार्ट जपून ठेवा. राजीनामा द्यावाच लागला तर नव्या वेतन संहितेनुसार हिशेब दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा.

प्रश्न : मी जिल्हा प्रतिनिधी. बातमीमागे पैसे मिळतात. नव्या मालकाने बूम (वाहिनीच्या लोगोचा माइक) परत मागितला आणि तीन महिन्यांची बिलं जुन्याकडे ढकलली.
— अकोला

बूम त्यांचा आहे, देऊन टाका, पण पोचपावती घेऊन. तुमच्यासारख्या स्ट्रिंगरला, म्हणजे बातमीमागे पैसे घेणाऱ्या वार्ताहराला, कामगार म्हणून दाद मागणं कठीण असतं. तुम्ही पुरवठादार आहात, आणि थकबाकी ज्या कंपनीच्या नावाने बिल आहे तिची आहे. बातमी पाठवल्याचे ईमेल, एफटीपीचे लॉग आणि वाहिनीवर दिसल्याचे यूट्यूबवरचे दुवे तारीखवार लावून कायदेशीर नोटीस द्या. फॉर्म २६एएस काढून बघा : तुमच्या नावावर टीडीएस कापून भरला असेल तर बिल मान्य केल्याचा तोच उत्तम पुरावा. अधिस्वीकृती पत्रिकेवर, म्हणजे पत्रकाराच्या सरकारी ओळखपत्रावर, संस्थेचं नाव असतं, तेव्हा जिल्हा माहिती कार्यालयाला बदल कळवा; जुन्या संस्थेच्या नावाने ती वापरत राहू नका.

प्रश्न : ईटीव्ही मराठी, स्टार माझा ही नावं का पुसली गेली? माणसं तीच दिसत होती.
— एक ज्येष्ठ वाचक, पुणे

दोन्हीकडे अखेरीस नाव एकाचं आणि परवाना दुसऱ्याचा होता.

स्टार माझा २००७ साली सुरू झालं. वाहिनीची कंपनी होती एमसीसीएस. तिच्यात आनंदबझार पत्रिका समूहाचे ७४ टक्के आणि स्टारचे २६ टक्के होते. हे आकडे योगायोगाचे नव्हते. त्या काळी बातम्यांच्या वाहिनीत परदेशी भांडवलाला २६ टक्क्यांचीच मुभा होती. पुढे २०१५ साली ती सरकारी मंजुरीने ४९ टक्के झाली. नाव स्टारचं, ते भाड्याने घेतल्यासारखं. स्टार बाहेर पडलं आणि १ जून २०१२ पासून वाहिनी एबीपी माझा झाली. कंपनी, परवाना, न्यूजरूम आणि निवेदक जिथल्या तिथे होते, म्हणून तुम्हाला माणसं तीच दिसली.

ईटीव्ही मराठीचं उलटं. ती ९ जुलै २००० ला रामोजी राव यांच्या ईनाडू समूहाने सुरू केली आणि तिचं केंद्र हैदराबादला होतं. २०१२ च्या जानेवारीत जाहीर झालेला आणि २०१४ मध्ये पूर्ण झालेला व्यवहार असा : नेटवर्क१८ समूहाने ईटीव्हीच्या प्रादेशिक बातम्यांच्या वाहिन्या १०० टक्के घेतल्या, मराठी-कन्नड-बांगला-गुजराती-ओडिया मनोरंजन वाहिन्यांत ५० टक्के, आणि तेलुगूत २४.५ टक्के. तेलुगू घर रामोजी रावांकडेच राहिलं, त्यामुळे ‘ईटीव्ही’ हे नावही तिकडेच राहिलं. मराठी वाहिनीला नवं नाव घ्यावंच लागणार होतं. २२ मार्च २०१५ ला ती कलर्स मराठी झाली. त्याबरोबर हिंदी कलर्सचा साचा, रिअॅलिटी शोचे मराठी अवतार आणि मुंबईतल्या बाहेरच्या निर्मितीसंस्थांकडून मालिका करून घेण्याची पद्धत आली. हैदराबादच्या सेटवर वाहिनीने स्वतः सगळं घडवण्याची ईनाडूची रीत मोडली. तिच्यात काटकसर फार आणि चकचकाट कमी होता. पण तालुक्यातल्या वार्ताहरांचं एवढं घट्ट जाळं त्यानंतर मराठीत क्वचितच कुणी विणलं.

पुढचं वळण १४ नोव्हेंबर २०२४ चं. रिलायन्सच्या वायकॉम१८ आणि डिस्नेच्या स्टार इंडियाचं विलीनीकरण त्या दिवशी पूर्ण झालं. संयुक्त कंपनीत रिलायन्सचे थेट १६.३४ टक्के, वायकॉम१८ चे ४६.८२ आणि डिस्नेचे ३६.८४ टक्के. अशा वेळी प्रेक्षकाला बदल पडद्यावर उशिरा दिसतो. आधी जाहिरात विक्रीचा विभाग एक होतो, मग कायदा, हिशेब, प्रोमो, मालिका शेवटी.

कुठल्याही वाहिनीचा मालक स्वतः शोधायचा तर ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवरच्या परवानगी यादीत वाहिनीसमोर कंपनीचं नाव असतं. ते कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाका. संचालक फुकट दिसतात. भागधारकांसाठी वार्षिक विवरणपत्र १०० रुपये भरून उघडता येतं. कंपनी शेअर बाजारात असेल तर दर तिमाहीनंतर २१ दिवसांत भागधारणा तिथेच जाहीर होते.

प्रश्न : वेल्ह्याजवळच्या आमच्या वाडीत अँटेनावर सह्याद्री दिसायचं. ते बंद झालं. केबल इथे येत नाही.
— पुणे जिल्हा

दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकाने ते पुण्यात पोहोचलं. असे जमिनीवरचे अॅनालॉग प्रक्षेपक मोजकी मोक्याची ठिकाणं वगळता २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद केले गेले. अँटेना उतरवा. मासिक भाडं नसलेली डीडी फ्री डिश लावा. ६० सेंटिमीटरची डिश जीसॅट-१५ कडे, म्हणजे ९३.५ अंश पूर्वेकडे करायची. पुण्याच्या आसपास होकायंत्रात सुमारे १३२ अंश, म्हणजे जवळजवळ आग्नेय, आणि उंची क्षितिजापासून ५९ अंश. ऑफसेट डिश दिसायला त्याहून बरीच खाली वाकलेली वाटते. तिच्या मागच्या पट्टीवरचा आकडा पाहा, डोळ्याने अंदाज करू नका. डोंगर आग्नेयेला असेल तरी ५९ अंशांवरून सिग्नल सहसा निघतो. झाडाच्या फांद्या मात्र पावसात हमखास आड येतात.

प्रश्न : इथे न्यू जर्सीत चॅनेल ९ स्वतःला आमच्या राज्याचं म्हणवतं, पण राज्याच्या बातम्या जवळपास नाहीत. अमेरिकेत स्थानिक चॅनेलवर काही बंधन नसतं का?
— एक वाचिका, एडिसन

असतं, पण ते वर्षागणिक पातळ झालं आहे. आणि चॅनेल ९, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूओआर, हे त्याचं ठळक उदाहरण.

अमेरिकेत परवाना एखाद्या गावाच्या नावाने मिळतो आणि ८ वर्षांचा असतो. न्यू जर्सी न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या सावलीत असल्याने तिथे व्यावसायिक व्हीएचएफ (जुन्या २ ते १३ क्रमांकांच्या पट्ट्यातलं) स्टेशन नव्हतं. चॅनेल ९ ची तेव्हाची मालक आरकेओ जनरल या कंपनीचा न्यूयॉर्कमधला परवाना धोक्यात आला होता. १९८२ च्या कायद्यातल्या तरतुदीने तिला वाट काढून दिली : अशा राज्यात स्थलांतर करा, परवाना टिकेल. १९८३ मध्ये चॅनेल ९ कागदोपत्री न्यू जर्सीतल्या सिकॉकस गावाचं झालं. २००१ पासून ते फॉक्सकडे आहे, आणि न्यूयॉर्कचं चॅनेल ५ ही फॉक्सचंच. जुलै २०१३ मध्ये चॅनेल ९ चं स्वतःचं बातमीपत्र बंद होऊन ट्रेंटनमधून तयार होणारा अर्ध्या तासाचा कार्यक्रम आला. परवाना सिकॉकसचा, निर्णय मॅनहॅटनमध्ये. २०१७ मध्ये परवाने देणाऱ्या संघराज्य दळणवळण आयोगाने, म्हणजे एफसीसीने, परवान्याच्या गावाजवळ मुख्य स्टुडिओ असण्याची अटही काढून टाकली, तेव्हा जागेचा धागाही सुटला.

न्यू जर्सीच्या सरकारी वाहिनीचं तर परवाना आणि चालक यांच्या फारकतीचं पाठ्यपुस्तक होईल. राज्याचं एनजेएन ३० जून २०११ ला बंद झालं. परवाने राज्याच्या प्राधिकरणाकडेच राहिले आणि चालवायला न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनईटी या सार्वजनिक वाहिनीकडे दिले. जुन्या कर्मचाऱ्यांचा नव्या व्यवस्थेत आपोआप समावेश नव्हता.

देशभरात एका कंपनीला ३९ टक्के घरांपर्यंतच पोहोचता येईल, ही मर्यादा २००४ मध्ये कायद्यात आली. पण यूएचएफ, म्हणजे १३ च्या वरच्या क्रमांकांच्या पट्ट्यातल्या, स्टेशनाची घरं निम्मीच मोजतात, त्यामुळे प्रत्यक्षात मोठ्या साखळ्या त्याहून कितीतरी जास्त घरांत असतात. अशी साखळी एका शहरात दोन स्टेशनं चालवते तेव्हा न्यूजरूम एकच ठेवते. तुम्हाला दोन क्रमांकांवर तीच बातमी, तोच हवामानतज्ज्ञ दिसतो तो म्हणून.

तुम्ही काय करू शकता? एफसीसीच्या संकेतस्थळावर प्रत्येक स्टेशनची सार्वजनिक फाइल आहे. तिच्यात दर तिमाहीची ‘स्थानिक प्रश्न आणि कार्यक्रम’ यादी जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या १० तारखेपर्यंत टाकावी लागते. न्यू जर्सीचे कोणते प्रश्न, किती मिनिटं, कुठल्या वेळेला, हे मोजा. विक्रीचा अर्ज ३१४ किंवा ३१५ क्रमांकाच्या फॉर्मवर होतो. जाहीर सूचनेपासून ३० दिवसांत हरकत घेता येते. चॅनेल ९ च्या नूतनीकरणालाही नागरिकांनी हरकत घेतली होती. परवाना वाचला, पण यादीतले आकडे सार्वजनिक चर्चेत आले. ओळखीचं कुणी अशा स्टेशनात नोकरीला असेल तर हेही सांगा : १०० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपनीने न्यू जर्सीत ५० जणांना एकदम काढलं तर राज्याच्या कायद्याने एप्रिल २०२३ पासून ९० दिवसांची नोटीस आणि दर वर्षाच्या सेवेमागे आठवड्याचा पगार द्यावा लागतो.

प्रश्न : मालक बदलल्यापासून आमच्या केबलवरचं स्थानिक चॅनेल एका पुढाऱ्याचं मुखपत्र झालंय. खोटी बातमी दिली तर तक्रार कुणाकडे?
— रत्नागिरी, मडगाव आणि इतर चार ठिकाणांहून

उपग्रह वाहिनी आणि केबलवरचं चॅनेल यांची दारं वेगळी आहेत, तिथेच लोक चुकतात. उपग्रह वाहिनीला थेट लिहा. २०२१ च्या नियमांनुसार २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय मिळायला हवा, त्यानंतर १५ दिवसांत वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे अपील. केबलवरच्या स्थानिक चॅनेलची तक्रार मात्र जिल्हास्तरीय देखरेख समितीकडे किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हाधिकारी, अपर जिल्हाधिकारी, प्रांत किंवा पोलीस आयुक्त यांच्याकडे करायची.

मुखपत्र असणं हा गुन्हा नाही, हे आधीच सांगतो. तक्रार चालते ती कार्यक्रमसंहितेच्या उल्लंघनावर : बदनामी, जाणूनबुजून खोटं, जातीधर्मावर हल्ला. अर्जात चॅनेलचा क्रमांक, तारीख, सुरू झाल्याची वेळ मिनिटासह, नेमके शब्द आणि केबल नेटवर्कचं नाव लिहा. मोबाइलवर टीव्हीच्या पडद्याचं चित्रण करताना चॅनेल क्रमांक दिसू द्या. आणि अर्ज लवकर द्या, रेकॉर्डिंग ९० दिवसच ठेवतात. ९१ व्या दिवशी पुरावा मागितला तर ‘पुसलं गेलं’ हे उत्तर कायदेशीर असतं. एमएसओलाही त्याच दिवशी प्रत पाठवा. नोंदणी त्याच्या नावावर आहे, त्यामुळे नोटीस त्यालाच येणार असते. चॅनेलवाल्याने दाद दिली नाही तरी तो फोन उचलतो.